खात्रीबाई

खात्रीबाईंना मी पहिल्यांदा चहा दिला तेव्हा त्यांनी तो आधी हुंगला. मग कप उजेडाला धरला, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तुमी ह्यातलाच घेतलासा न्हवं?" मी म्हटलं, घेतला की. "मग थांबतो जरा," म्हणाल्या, आणि मला काही होतंय का ते बघत बसल्या. चहा गार झाला, त्यावर साय धरली. मला काहीच झालं नाही तेव्हा कप बाजूला सारून म्हणाल्या, "आता गार कोण पिणार?" अशी बाई. त्या दिवशी मी मनात म्हटलं, ज्याच्या मनात पाप असतं त्यालाच असले संशय येतात.

मी कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलात सिस्टर आहे, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. गावाकडची माणसं त्याला नुसतं 'काच' म्हणतात. "आमचं बाळ काचेत ठेवलंय." आजऱ्याचं, नेसरीचं, कबनूरचं, कुठलं कुठलं बाळ आमच्या काचेत येतं. तळहातावर मावतील अशी बाळं, नाकात नळ्या, अंगाला वायरी. आणि काचेबाहेरच्या बाकावर त्यांच्या आया. त्यातल्या काही इतक्या लहान असतात की टोपरं बाळाला बांधावं की आईला, असं वाटावं.

बाई यायच्या त्या ह्या पोरगेल्या आयांसाठी. फक्त त्यांच्यासाठी. पंचविशी-तिशीतली बाई बाकावर हुंदके देऊन रडत असली तरी तिच्याकडं ढुंकूनही बघायच्या नाहीत. "तिला आई हाय, फोन हाय, अक्कल हाय. माझं काय काम?" वीस वर्षांच्या आतली पोरगी दिसली की मात्र आपलं घडीचं स्टूल उघडून तिच्या पुढ्यात ठाण मांडायच्या. हॉस्पिटलच्या खुर्चीवर त्यांचा विश्वास नव्हता. पाणी घरून आणायच्या. प्रसाद कुणाचाही घ्यायच्या नाहीत, अगदी जोतिबाचा असला तरी. "देवावर हाय माझा विश्वास. पिशवीवर न्हाई."

वरच्या ऑफिसातून रीतसर परवानगी घेऊन आल्या होत्या. रिटायर्ड शिक्षिका, मुलींच्या हायस्कूलच्या. परीक्षेला कॉपी पकडण्यात त्यांची हयात गेली होती, हे त्या स्वतःच अभिमानानं सांगायच्या. उंच, हडकुळ्या, हातात पुरुषी घड्याळ, आणि डोळे असे की समोरच्याला वाटावं, आपल्या बाहीत काहीतरी लपवलेलं आहे. प्रत्येक वाक्याला त्यांचा एकच प्रश्न असायचा. "खात्री हाय?" मी सांगायची, बाळानं दूध पचवलं. "खात्री हाय?" डॉक्टर म्हणायचे, सोमवारी नळी काढू. "खात्री हाय?" त्यावरून नाव पडलं खात्रीबाई. तोंडावर अर्थात मॅडम.

मला हे प्रकरण पहिल्यापासून पटलं नव्हतं. फुकट कुणी येतं का हो रोज? आणि येतं तर अशाच पोरींकडं का, ज्यांना ना बोलता येतं, ना नाही म्हणता येतं? नवीन बाळ, लहान आई, गरीब घर. ह्या तीन गोष्टी जिथं एकत्र असतात तिथं घारी घिरट्या घालतात. पेपरात वाचतो की आपण! मी आमच्या वॉर्डातल्या मावशींना सांगून ठेवलं होतं, बाई बाळाच्या पेटीपाशी गेल्या तर मला हाक मारायची. बाईंना ते कळलं असावं. त्या काचेच्या आत कधी मी असल्याशिवाय आल्याच नाहीत.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर कुठली आधी सांगू?

नवी पोरगी आली की पहिला प्रश्न, "वय किती?" पोरगी म्हणायची, एकोणीस. "आ कर." आणि खरोखर तोंडात बॅटरी मारून अक्कलदाढ आलीय का बघायच्या. अठराच्या आतली असली तर आम्ही पोलिसांना कळवतोच, तो कायदाच आहे, बाईंच्या बॅटरीवाचून काही अडत नव्हतं. आधार कार्डावर वय आहे की मॅडम, असं मी एकदा म्हटलं. तर म्हणाल्या, "आधार घरच्यांनी काढलंय. दाढ तिची तिनं काढलीया." 

पोरगेल्या बापांची नखं बघायच्या. मिसरूड फुटलेलं ते पोरगं बायको-पोराच्या काळजीनं आधीच अर्धमेलं झालेलं, आणि ह्या त्याचा हात ओढून स्वतःच्या पर्समधलं नेलकटर काढायच्या. "असल्या नखानं लेकराला हात लावणार व्हय रं? शेतात तण काढायला आलाईस का?" एक पोरगा चिडून म्हणाला, तुम्ही कोण आमच्या? "कोण न्हाई. म्हणून तर खरं बोलतो."

आणि सगळ्यात मोठा त्रास डॉक्टरांना. बाईंचा नियम होता, राउंडला डॉक्टर आले की प्रत्येक पोरीनं एक प्रश्न विचारायचा. स्वतःच्या तोंडानं. सासूनं नाही, नवऱ्यानं नाही. उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचारायचा. "लाजलीस तर मी स्टूल उचलून घरला निघालो." पोरी आधी नुसत्या उभ्या राहायच्या. मान खाली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं. मग हळूहळू तोंड उघडायचं. आजऱ्याकडची काजूच्या कारखान्यातली एक पोरगी होती, बिया फोडून फोडून बोटं काळी झालेली. सगळं धैर्य गोळा करून तिनं आमच्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं, "सर, माझ्या बाळाला सपान पडतंय का?" डॉक्टर थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, "मला माहीत नाही गं." वीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. बाई मागून पुटपुटल्या, "चला, एक तरी खरं उत्तर मिळालं."

बाळ बरं आहे, असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. फार तर, "आज काय तक्रार न्हाई." एवढं ऐकलं की पोरींचे चेहरे फुलायचे. आम्ही दिवसभर गोड बोलायचो, त्याचं कुणाला कौतुक नव्हतं!

एकदा मी सरळ विचारलं. मॅडम, ह्याच पोरी का? स्टुलाची घडी घातली, पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, "माझ्या वर्गात नववीला हजेरीत नाव असायचं, धाव्वीला नसायचं. कुठं गेली इचारलं की बाकीच्या म्हणायच्या, लगीन झालं. मी म्हणायचो, बरं. खात्री करायला कधी गेलो न्हाई." आणि लगेच मान वर करून, "तुमी का इचारलासा?" खरं असेल. नसेलही. माणूस स्वतःबद्दल सांगतो ते निम्मं धरावं, हे मी वॉर्डातच शिकलेय.

आता मुळावरच्या पोरीची गोष्ट सांगते, म्हणजे बाई कशा होत्या ते कळेल.

नेसरीकडची पोरगी, कबनूरला दिलेली. दोघंही एकोणीस. पोरगा यंत्रमागावर कामाला, त्या आवाजानं असेल, बोलायचा ते ओरडून. आठव्या महिन्यात पोरीला झटके आले, घाईत ऑपरेशन करावं लागलं. आई वरच्या मजल्यावर आयसीयूत, शुद्ध-बेशुद्धीच्या मध्ये, आणि लेक खाली आमच्या काचेत. मुठीएवढं तोंड, पण जावळ काळंभोर. त्या पोरीची एक खोड होती, लवकर जन्मलेल्या बाळांना असते तीच. श्वास घ्यायला विसरायची. मॉनिटर ओरडायला लागला की आम्ही धावायचो, तळव्याला टिचकी मारायचो, की आठवण झाल्यासारखा श्वास घ्यायची. औषध चालू होतंच.

पोरगा जिन्यापाशी उभा असायचा. काचेकडं पाठ करून. सगळे बाप काचेला नाक लावून उभे असतात, हा भिंतीकडं तोंड करून. मी म्हटलं, मुलगी झाली म्हणून तोंड फिरवलं असेल, मेल्याला लाज नाही. पण त्याची आई म्हणाली, तसं नव्हे. लेक मूळ नक्षत्रावर झाली होती. भटजींनी फोनवरून सांगितलं होतं, नक्षत्राची शांत होईपर्यंत बापानं तोंड बघायचं नाही. बघितलं तर बापाच्या जिवाला धोका. आमच्याकडं हे मानतात, मी काय नवीन ऐकत नव्हते. पूजा घालून शांत करतात, बाप आधी तेलात बाळाचं प्रतिबिंब बघतो, झालं.

पण ह्या सासूबाईंचं बोलणं तिथं थांबेना. मुळावरची पोर घरात ठेवू नये म्हणतात. दुसऱ्याच्या पदरात घातलेली बरी. असं आपलं सहज, जांभई देता देता.

त्याच सुमारास मला खिडकीतून खाली एक गाडी दिसली. पांढरी गाडी, टपावर नवाकोरा पाळणा बांधलेला, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. गाडीपाशी एक जोडपं, चाळिशीचं असावं, नीटनेटकं, पण माझ्याकडं पाठ. आणि त्यांच्याशी बोलत कोण उभं? खात्रीबाई. बोलत म्हणजे कशा, हसत! ज्या बाईला मी कधी ओठ विलग करताना बघितलं नव्हतं, ती खदखदा हसत होती. त्या बाईनं खात्रीबाईंच्या हातात खणाची घडी ठेवली आणि त्यांनी ती घेतली. प्रसाद न घेणाऱ्या बाईंनी खण घेतला!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सापडली म्हटलं! वर आल्या तशी मी त्यांना औषधांच्या खोलीत घेतलं आणि दार लोटलं.

"मॅडम, त्या गाडीवाल्यांबरोबर काय चाललंय तुमचं?"

"तुमाला माझा संशय आला?"

"आला."

"कवापासनं?"

"पहिल्या दिवसापासनं. पेटीपाशी जाऊ द्यायची नाही, असं सांगून ठेवलंय मी तुमच्याबद्दल."

मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. तर बाईंच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जणू कुणी सत्कार केला. "बरं झालं बाई! मला वाटलं हतं हितं सगळीच भोळी हाईत. ज्याला त्याला इस्वास ठेवाय येतंय हो. संशय घ्यायला कष्ट पडत्यात." आणि माझ्या पुढ्यातला चहा उचलून, न हुंगता, पिऊन टाकला. माझा उष्टा.

मग सांगायला लागल्या. ते जोडपं म्हणजे जिन्यापाशी उभ्या पोराचे चुलता-चुलती. इचलकरंजीला स्वतःचं दुकान, पोटी मूलबाळ नाही. सासूनं त्यांना ही लेक द्यायचा शब्द दिला होता. "पण तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"आजी वजन इचारती. जगातली कंचीबी आजी काचंपाशी आली की आदी वजन इचारती. ही इचारत न्हाई. चुलती इचारती, रोज सकाळ-संध्याकाळ. तवाच म्हणलं, हितं कायतरी हाय."

खरंच की! मी इतके दिवस चुलतीला वजन सांगत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"आणि हसत का होता?"

"हसल्याबिगर कोण बोलतंय व्हय? पोरीच्या बाहीतली कॉपी काढायची तर आदी तिच्याशी हसावं लागतंय." खण त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, म्हणाल्या, परत द्यायचाय. तेवढ्यावर माझा संशय गेला असं समजू नका. अर्धा गेला. अर्धा ठेवला, कारण बाई हुशार होती आणि हुशार माणूस असंच बोलतो.

दुसऱ्या दिवशी लेकीचं विसरणं वाढलं. मॉनिटर सकाळपासून ओरडतोय. डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवा, पण हिला कुणाच्या तरी उघड्या छातीला लावून ठेवा, कांगारूसारखं. आईची छाती, नाहीतर बापाची. माणसाच्या श्वासाबरोबर बाळाला श्वासाची आठवण राहते. आई वर आयसीयूत. सासू म्हणाली, मला बीपी आहे. आणि चुलती पुढं आली. डोळ्यांत पाणी, हात आधीच कोपरापर्यंत धुतलेले. "मी धरतो सिस्टर. दिवसभर धरतो. हालणार न्हाई."

खरं सांगू? माझा जीव तिच्यासाठी तुटला. वाईट बाई नव्हती हो ती. पंधरा वर्षं नवस करून दमलेली. आणि ऊब ती ऊब, कुणाच्या का छातीची असेना, लेकरू जगायला पाहिजे. मी हो म्हणणारच होते.

बाई आडव्या आल्या. "एकदा छातीला लावली की ती सोडणार न्हाई. आन् तिनं का सोडावी? वरच्या पोरीला कुणी इचारलंय?"

"इचारलंय की," सासू फणकारली. "सकाळीच जाऊन इचारलंय. नवऱ्याच्या जिवाचं सांगितलं. व्हय म्हणाली."

आयसीयूत जिला जागं राहायला जमत नाही, तिला सांगितलं होतं की लेक ठेवलीस तर नवरा जाईल. तिनं मान हलवली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नातेवाइकांवर ओरडता येत नाही आम्हाला.

बाई ओरडल्या नाहीत. तरातरा जिन्यापाशी गेल्या. "पावणं, तोंड फिरवा हिकडं."

"न्हाई मॅडम!" पोरगा भिंतीलाच ओरडला. "बघायचं न्हाई मला! आयनं शपथ घातलीया!"

"नगो बघू. ऐक तर. तुझी लेक श्वास घ्यायला इसरतीया."

 त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बाईमाणसांचं काम म्हणून त्या बापड्याला बाहेरच ठेवलेलं. "इसरती म्हंजे?" त्याचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "म्हंजे, मरंल?"

"मला काय खात्री न्हाई," बाई म्हणाल्या. "छातीला लावली तर आठवंल म्हणत्यात डॉक्टर."

"मी लावतो की. पर तोंड दिसंल."

बाईंनी काचेतून आत बघितलं. कोपऱ्यातल्या पेटीत एक काविळीचं बाळ निळ्या लाइटखाली झोपलं होतं. त्या लाइटनं डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून आम्ही बाळांच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो. बाई त्या बाळाकडं बघतच राहिल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "त्येला बांधलीया तशी ह्येला बांधा की."

सासू उसळली. "आसलं कुठं आस्तंय व्हय!"

"तोंड बघू नगो म्हणलंय न्हवं? बघत न्हाई त्यो. छातीला धरू नगो आसं कोण म्हणलंय? लावा फोन."

भटजींना फोन लागला. स्पीकरवर. भटजी घोळात पडले. धरण्याविषयी काही उल्लेख नाही, म्हणाले, दर्शन घेऊ नये एवढंच आहे. बाई फोनवर वाकल्या. "खात्री हाय?" पलीकडून आवाज आला, "कोण बोलतंय?" बाईंनी फोन बंद केला.

नखं बघितली, हात धुऊन घेतले. शर्ट काढून पोरगा खुर्चीत बसला, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. मी स्वच्छ पट्टी घेऊन त्याच्या डोळ्यांवर दुहेरी बांधली. मग लेकीला टोपी-लंगोटासकट उचलून त्याच्या छातीवर उपडी ठेवली आणि वरून कापड गुंडाळलं. पोरगा श्वास रोखून बसला. "आरं, तू घे की श्वास," बाई खेकसल्या. "तू इसरलास तर ती कुणाचं बघून घेणार?"

मग तो घ्यायला लागला. मोठमोठे श्वास, धाप लागल्यासारखे. हळूहळू संथ झाले. लेक त्याच्या छातीबरोबर वर-खाली होत राहिली. मॉनिटर मधूनच ओरडायचा, पण सकाळसारखा नाही. चुलती काचेबाहेर उभी होती. मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

पोरगा रोज यायला लागला. मागावर रात्रपाळी लावून घेतली, सकाळी एसटीनं यायचा. जिन्यापासून डोळे मिटून भिंत चाचपत खुर्चीपर्यंत यायचा, मी पट्टी बांधायची, मग लेक द्यायची. "कशी हाय दिसायला?" हळूच विचारायचा. मी सांगणार तोच बाई म्हणायच्या, "तुमी गप्प बसा. त्येची लेक त्येला हुडकू दे." मग तो एका बोटानं चाचपायचा. "कान दुमडल्याला हाय. हिच्या आयचाबी आसाच हाय." एवढं सांगतानाही पूर्वी ओरडायचा तसा ओरडायचा नाही.

बाईंना आनंद झाला असेल म्हणता? छे. "आज काय तक्रार न्हाई," एवढंच. आणि खिडकीतून खाली, ती गाडी आली का, ते बघत राहायच्या. मी म्हटलं, आता पोरगा तयार झालाय की. "त्यो झालाय. पोरीनं व्हय म्हणलंय. बाईनं नवऱ्याच्या जिवासाठी म्हणल्यालं व्हय सहजासहजी फिरत न्हाई." वर जाऊन त्या पोरीला काही सांगा, असं मी सुचवलं. "सांगितलं की लोकं ऐकत्यात. बघितलं तरच मानत्यात. तिला चालती होऊ दे."

बाई कुठं गेल्या ते मला माहीत नाही, हेही आत्ताच सांगून टाकते. ह्या प्रकारानंतर वर्षभर येत होत्या, मग एकदम बंद. उत्तरेश्वर पेठेत राहायच्या म्हणून मी चौकशीला गेले, तर त्या पत्त्यावर कुणी तसं राहतच नव्हतं. कुणी म्हणालं, बहिणीकडं गडहिंग्लजला गेल्या, कुणी म्हणालं, वारल्या. मी कशावरही विश्वास ठेवलेला नाही. पत्ता तरी खरा कशाला देतील त्या? पण अजूनही काचेपाशी कुणी आजी आली की मी बघते, ती आधी काय विचारते. हा रोग मला त्यांनीच लावलाय, आणि मला तो बरा करायचा नाही.

तर त्या पोरीचा दिवस. आयसीयूतून वॉर्डात आली, आणि दुसऱ्या दिवशी सासूनं तिला व्हीलचेअरवर बसवून खाली आणलं. मागोमाग चुलता-चुलती. लेक सोपवायची, रीतसर जे काय करायचं ते करायचं, त्याआधी आईनं एकदा डोळे भरून बघून घ्यावं, असा बेत. चुलतीनं बाळासाठी स्वेटर विणून आणला होता. बाई आपल्या स्टुलावर दारापाशी बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

मी पोरीचे हात धुतले, गाऊन घातला, खुर्ची आत ढकलली. समोर तिचा नवरा बसलेला. उघडा, डोळ्यांवर पांढरी पट्टी, छातीला लेक.

पोरगी किंचाळली. "ह्यास्नी काय झालं? डोळं गेलं व्हय?"

मला आधी काही कळेचना. मग कळलं. पट्टीचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं! ना सासूनं, ना आम्ही. तिला वाटलं, मूळ लागलं. लेकीनं बापाचे डोळे खाल्ले.

"लागलं की! देऊन टाका तिला! आत्ताच्या आत्ता देऊन टाका!" टाके नवे, सलाइनची सुई हाताला, आणि ती खुर्चीतून उठायला बघते. सासू दारातून म्हणते, बघा, मी म्हणत नव्हते? चुलती एक पाऊल आत आली. मी बोलायला तोंड उघडलं, तर स्टुलावरून उठून आत आलेल्या बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. मान हलवली. बोलू नका.

पोरगा बावचळला होता. एक हात लेकीच्या पाठीवर ठेवून त्यानं दुसऱ्या हातानं पट्टी कपाळावर सरकवली. हनुवटी मात्र वर, छताकडं, चुकूनही खाली बघायचं नाही म्हणून. मग मान तशीच ताठ ठेवून त्यानं डोळे बायकोकडं वळवले.

"दिसतंय गं मला. बघ. तू दिसतीयास. वाळलीयास किती!"

पोरगी थांबली. त्याच्या डोळ्यांकडं बघत राहिली. मग तिची नजर खाली आली, पहिल्यांदा लेकीवर. काळंभोर जावळ, दुमडलेला कान, त्याच्या श्वासाबरोबर वर-खाली होणारी ती एवढीशी पाठ. बघत राहिली.  तेवढ्यात लेक कुरकुरली आणि त्या आवाजासरशी पोराची हनुवटी खाली यायला लागली. बापच तो, आवरणार कसा?

पोरीनं झेप घेतली. सुई लावलेला हात तिनं त्याच्या डोळ्यांवर गच्च दाबला.

"खाली बघू नगासा! आत्ता न्हाई. शांत करायची, तेलात बघायचं, मग उघडं तोंड बघायचं. आपल्या घरात."

"आपल्या?" तिच्या तळव्याखालून तो म्हणाला.

"मग कुणाच्या?"

चुलती मागच्या मागं सरली, हातातल्या स्वेटरची घडी घालायला लागली. सासू मात्र पुढं आली. "अगं ए, तुझ्या तोंडानं व्हय म्हणालीवतीस की तू! माझ्यासमोर व्हय म्हणालीस!"

पोरीनं मान वळवली नाही. नवऱ्याच्या डोळ्यांवरचा हात तसाच ठेवून ती लेकीकडंच बघत होती.

"तवा मी बघितली न्हवती हिला."